दर महिन्याच्या ७ तारखेला २७,३८६ रुपये

१८ जानेवारी २०२४. इंटर्नशिपमधली प्राथमिक आरोग्य केंद्राची पोस्टिंग चालू होती आणि त्या दिवशी लसीकरण होतं. बाहेर बाळांचा रडण्याचा सामुदायिक कार्यक्रम सुरू असताना फोनवर बँकेचा मेसेज आला: तुमच्या शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता ७ मार्चला कापला जाईल, रक्कम साडेसत्तावीस हजारांच्या आसपास. माझं विद्यावेतन तेव्हा महिना १० हजार होतं. मी तो मेसेज तीनदा वाचला आणि पुढच्या बाळाला पोलिओचे थेंब दिले.

तिथून आजपर्यंत दोन वर्षं झाली. या काळात कर्ज फेडण्याबद्दल जे शिकले ते एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बॅचमधल्या निम्म्या मुलांना आपल्या कर्जाचा व्याजदर माहीत नाही. मलाही नव्हता. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी कर्जाची कुंडली. २०१८ मध्ये खाजगी महाविद्यालयात प्रवेश घेतला. एका सरकारी बँकेच्या बार्शीतल्या शाखेतून १८ लाख मंजूर झाले. चार वर्षं ४-४ लाख आणि शेवटच्या सहामाहीला २ लाख, थेट कॉलेजच्या खात्यात. उरलेली फी पप्पांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढली. पप्पा जिल्हा परिषदेचे शिक्षक, ते सहकर्जदार. साडेसात लाखांच्या वरचं कर्ज असल्यामुळे तारण लागलं, म्हणून आमच्या घराची मूळ कागदपत्रं बँकेत गेली ती अजून तिथेच आहेत. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना आम्हाला लागू नव्हती, कारण तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे.

आता त्या मेसेजकडे. नियम असा होता की अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सवलत आणि मग हप्ते सुरू. त्या सवलतीच्या काळाला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. गोची अशी की आमच्या मंजुरीपत्रात अभ्यासक्रमाचा कालावधी ५४ महिने लिहिला होता. म्हणजे बँकेच्या संगणकानुसार मी फेब्रुवारी २०२३ मध्येच डॉक्टर झाले होते. इंटर्नशिपचं वर्ष हिशोबातच नाही! २०१८ साली सही करताना मी सतरा वर्षांची होते आणि पप्पांनी फक्त रकमेचा आकडा वाचला होता.

एक दिवसाची रजा काढून बार्शी गाठली आणि पप्पांना घेऊन शाखेत गेले. मॅनेजर साहेब चांगले होते, पण त्यांचा प्रश्न एकच: "गुरुजी, परीक्षा पास झाली ना पोरगी? मग कोर्स संपला की." इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही, आत्ता माझ्याकडे तात्पुरती नोंदणी आहे, हे मी समजावलं. ते म्हणाले, मला पटलं, पण मला पटून उपयोग नाही, कागद आणा.

कॉलेजच्या विद्यार्थी विभागातून तो कागद मिळायला ११ दिवस आणि २०० रुपये लागले. पहिल्यांदा त्यांनी नेहमीचं बोनाफाईड दिलं, ते बँकेने परत पाठवलं. दुसऱ्यांदा मीच मजकूर टाइप करून नेला: सक्तीची फिरती आंतरवासिता हा एमबीबीएस अभ्यासक्रमाचा भाग आहे, ती १० एप्रिल २०२३ ला सुरू झाली आणि ९ एप्रिल २०२४ ला संपेल. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांक विसरू नका, त्याच्याशिवाय बँकेत कागदाला किंमत नसते. प्रस्ताव विभागीय कार्यालयात गेला आणि २७ फेब्रुवारीला मंजुरी आली. सवलत एप्रिल २०२५ पर्यंत. पहिला हप्ता मे २०२५ मध्ये.

पप्पांनी त्या दिवशी पेढे आणले. मी पेढा खाताना मनात गुणाकार करत होते. सवलत म्हणजे हप्ता नाही, व्याज मात्र चालूच. १८ लाखांवर ढोबळ १० टक्के धरले तरी महिना १५ हजार. झोपलं तरी, अभ्यास केला तरी.

एप्रिलमध्ये इंटर्नशिप संपली, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी झाली आणि मी नीट पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाला बसले. त्या वर्षीची परीक्षा आठवत असेल. २३ जूनचा पेपर २२ च्या रात्री पुढे ढकलला. मी पुण्यात सेंटरजवळच्या लॉजवर हॉल तिकीट बॅगेत ठेवून झोपायच्या तयारीत होते. शेवटी ११ ऑगस्टला परीक्षा झाली. क्रमांक आला तो हव्या त्या शाखेची सरकारी जागा मिळवून देणारा नव्हता.

इथे पहिला खरा पेच आला. बँकेत कळलं की सवलतीच्या काळातच पुढचं शिक्षण सुरू केलं तर त्यासाठी वाढीव कर्ज मिळू शकतं आणि दोन्हींची परतफेड पीजी संपल्यावर एकत्र सुरू होते. पप्पांचे डोळे चमकले. खाजगी महाविद्यालयात जागा घे, हप्ता चार वर्षं लांबेल. मोह मलाही झाला. मग वहीत मांडलं: जुन्या कर्जावरचं नुसतं व्याज महिना १५ हजार, चार वर्षांचे ७ लाख २० हजार. वर पीजीच्या फीचं नवं कर्ज. आणि शाखा कुठली, तर मला नको असलेली. हप्ता टाळण्यासाठी शाखा निवडायची हे मला झेपलं नाही. ज्यांना हवी ती शाखा मिळते आहे त्यांनी ही सोय जरूर वापरावी, मात्र प्रवेशाची तारीख सवलतीच्या आत बसते का हे आधी लेखी विचारून घ्यावं.

सप्टेंबर २०२४ पासून पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणून लागले. ठरलेले ५५ हजार, हातात ४९,५००. कारण आपल्याला तिथे 'पगार' नसतो, व्यावसायिक शुल्क असतं, आणि त्यावर आयकराच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत. कापलेले पैसे गेले असं समजून मी सहा महिने हळहळत होते. ते परत येतात, त्याबद्दल पुढे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रूममेटने तिच्या कर्जाचं पत्रक दाखवलं आणि एक गोष्ट लक्षात आली. सवलतीच्या काळात आमच्या कर्जावर सरळव्याज होतं. हप्ते सुरू होताना मात्र साठलेलं सगळं व्याज मुद्दलात मिसळतं आणि मग त्या व्याजावरही व्याज. म्हणजे मिसळण्याच्या दिवसाआधी जेवढं व्याज फेडाल तेवढं बरं. माझ्या १८ लाखांचे एप्रिलअखेर २६ लाख ६८ हजार होणार होते. साठवलेल्या पैशांतून ६८ हजार भरले आणि आकडा बरोबर २६ लाखांवर आणला. पूर्णांकाचं समाधान वेगळंच. उरलेले १ लाख २० हजार एफडीत ठेवले, अडीअडचणीला.

हे शहाणपण मी २० मार्चला केलं. ती चूक होती. का ते सीए काकांनी नंतर सांगितलं.

त्याच महिन्यात दुसरं प्रकरण सुरू केलं होतं, व्याजदराचं. माझं कर्ज २०१८ चं, म्हणून ते एमसीएलआरला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दराला, जोडलेलं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना तरत्या दराची नवी किरकोळ कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागतात. जुन्या कर्जदारांनाही त्यात जाता येतं, पण मागावं लागतं. बँक स्वतःहून फोन करत नाही. माझा जुना दर १०.६५ टक्के, रेपोला जोडलेला ९.६५. एका टक्क्याने काय होतंय असं पप्पा म्हणाले. १५ वर्षांच्या हप्त्यात १,५९७ रुपयांचा फरक पडतो, दर महिन्याला. खर्च: १ हजार रुपये शुल्क, त्यावर जीएसटी, आणि पुरवणी करारासाठी ५०० चा स्टॅम्प पेपर. १०० चा न्यायला गेले तर विक्रेत्याने सांगितलं की तो ऑक्टोबरपासून बंद झाला. ३ मार्चला अर्ज दिला, १६ एप्रिलला मी आणि पप्पांनी सह्या केल्या. मधल्या काळात पुणे–बार्शी तीन फेऱ्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं.

सह्यांच्या दिवशीच मुदत ठरवायची होती. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता ४२,६९४ आणि एकूण व्याज ९ लाख ८६ हजार. दहा वर्षांत ३३,८५७, व्याज १४ लाख ६३ हजार. पंधरा वर्षांत २७,३८६ आणि व्याज २३ लाख २९ हजार. चौथा पर्याय चढत्या हप्त्याचा: पहिली दोन वर्षं २२ हजार, मग २८,९८६. त्यात पंधरा वर्षांच्या साध्या हप्त्यापेक्षाही १ लाख २० हजार जास्त जातात.

सात वर्षं माझ्या पगारात बसत नव्हतीच. चढता हप्ता पहिल्या नजरेत डॉक्टरांसाठीच बनवल्यासारखा वाटतो, उत्पन्न पुढे वाढणार म्हणून. पण २२ हजारांतले जवळपास २१ हजार व्याजातच जातात. दोन वर्षं पळूनही जागेवरच. आणि माझं उत्पन्न दोन वर्षांनी वाढेल कशावरून? तेव्हा मी कदाचित पीजीच्या पहिल्या वर्षाला असेन.

खरा झगडा दहा आणि पंधरात होता. पप्पा दहाच्या बाजूने. त्यांना कर्ज म्हणजे अंगावरचं मळकं शर्ट, लवकर उतरवायचं. व्याजातला पावणेनऊ लाखांचा फरक बघून मीही जवळजवळ दहावर सही करणार होते. मग विचारलं की पंधरा घेऊन मधेच जास्त भरले तर दंड आहे का. नाही. मग हिशोब सरळ होता. पंधरा वर्षांचा हप्ता बांधून दर महिन्याला ६,४७१ रुपये जादा मुद्दलात भरले, तर कर्ज दहा वर्षांतच संपतं आणि व्याजही तेवढंच लागतं. फरक इतकाच की ज्या महिन्यात हॉस्पिटल पैसे लांबवेल, मी आजारी पडेन किंवा परीक्षेसाठी नोकरी सोडेन, त्या महिन्यात मला ३३,८५७ ची सक्ती नसेल. हप्ता आपल्या सगळ्यात वाईट महिन्याकडे बघून बांधायचा असं मी ठरवलं. चांगल्या महिन्यांचं काय करायचं ते आपल्या हातात असतंच. हे पप्पांना पटायला चहाचे दोन कप लागले. अट घातली त्यांनी: जादा भरलेल्या पैशांची पावती दरवेळी त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करायची.

इथे एक सावधगिरी. पंधरा वर्षं घेऊन जादा काहीच भरलं नाही तर तो नऊ लाखांचा आळस आहे. स्वतःला ओळखत असाल आणि पैसे हातात टिकत नसतील, तर दहाच घ्या.

सह्या होता होता एक विम्याचा फॉर्मही पुढे आला. एकरकमी ६२ हजारांचा हप्ता, कर्जातच जोडून देतो म्हणाले. सक्तीचा आहे का, तसं लेखी द्याल का, एवढंच विचारलं. फॉर्म टेबलाखाली गेला. विमा मात्र हवाच होता, कारण मला काही झालं तर घर पप्पांचं अडकलं आहे. पुण्याला येऊन साधा मुदत विमा काढला, वर्षाचा हप्ता त्या ६२ हजारांपुढे किरकोळ.

७ मे २०२५ ला पहिला हप्ता गेला. संध्याकाळी पत्रक उघडलं. २७,३८६ पैकी व्याजात २०,९०८ आणि मुद्दलात ६,४७८. महिनाभराच्या रात्रपाळ्या आणि २६ लाखांतून कमी झाले साडेसहा हजार. त्या रात्री मला कॅज्युअल्टीत कुणाशी धड बोलता आलं नाही. हे आकडे आधी माहीत असले तरी स्वतःच्या पत्रकावर बघणं वेगळं.

जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो अर्ध्या टक्क्याने खाली आणला आणि पुढच्या तिमाहीच्या फेरआखणीत माझा दर ९.१५ झाला. दर बदलला की हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडायचा हक्क कर्जदाराला आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने तो दिला आहे आणि शैक्षणिक कर्जंही त्यात येतात. मी शाखेला ईमेल केला: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. उरलेले १७७ हप्ते १६७ वर आले. एका ईमेलमध्ये दहा हप्ते!

ऑगस्टमध्ये आपटले. हॉस्पिटलने पैसे १९ तारखेला दिले. हप्ता ७ ला. एफडी होती, पण दुसऱ्या बँकेत, आणि मी सलग दोन रात्री ड्युटीवर होते. हप्ता परत गेला. दंड २९५ रुपये, ते ठीक. पण सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद होईल या भीतीने मी तिसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी संपवून, अंघोळही न करता, एफडी मोडली आणि हप्ता भरला. पप्पांना बँकेतून फोन गेला होता. सहकर्जदाराला जातोच. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मला सांगायचं होतंस गं." रागावले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून हप्त्याच्या खात्यात एक हप्ता कायम पडून असतो. हप्त्याची तारीख बदलून मिळते का हेही विचारलं. मिळते, पण मॅन्डेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) नव्याने करावा लागतो. तो अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे.

आता कर. सप्टेंबरमध्ये सीए काकांकडे गेले. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. त्यांनी कलम ४४एडीए खाली विवरणपत्र भरलं. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना त्यात जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. सात महिन्यांचे ३ लाख ८५ हजार, निम्मे १ लाख ९२ हजार ५००. कर शून्य. कापलेले ३८,५०० परत.

मग मी ऐटीत ८०ई काढलं, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट. काका हसले. एक तर ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि कर शून्य असताना वजावट कशातून करणार? दुसरं, ती जन्मभर नसते. ज्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा व्याज भरता ते वर्ष आणि पुढची सात. मग त्यांनी माझी मार्चची पावती पाहिली. "हे ६८ हजार एप्रिलमध्ये भरले असते तर? व्याज तर ३० एप्रिललाच मुद्दलात मिसळणार होतं." म्हणजे माझ्या आठ वर्षांचं घड्याळ २० मार्चला सुरू झालं आणि पहिलं वर्ष अकरा दिवसांत संपलं. फायदा काडीचा नाही. तुम्ही मार्चमध्ये असं काही करायला निघाला असाल तर आधी कॅलेंडर बघा.

ऑक्टोबरमध्ये ३८,५०० आणि थोडं व्याज खात्यात आलं. मी ते सगळं कर्जखात्यात भरलं, पावती पप्पांना पाठवली. नोव्हेंबरमध्ये पत्रक पाहते तर मुद्दल तेवढं कमीच नाही. बँकेने ती रक्कम 'आगाऊ हप्ता' म्हणून बाजूला धरली होती. परत अर्ज: "सदर रक्कम मुद्दलात वर्ग करावी आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." हे वाक्य आता माझं पाठ आहे. नऊ दिवसांनी दुरुस्ती झाली. जादा पैसे भरताना हे पत्र सोबतच द्या आणि पोच घ्या.

डिसेंबरमध्ये रेपो आणखी पाव टक्का उतरला, माझा दर ८.९० होणार आहे. शिवाय महिन्यातून दोन-तीन रात्री दुसऱ्या हॉस्पिटलात बदली ड्युटी करते, त्याचे पैसे वेगळे ठेवते. प्रत्येक महिन्याला ६,४७१ जमले नाहीत. आठ महिन्यांत पाच वेळा जमले.

या जानेवारीचा हप्ता गेला तेव्हा मी ओपीडीत होते. बँकेचा मेसेज आला आणि मिनिटभरात पप्पांचाही, त्यांनाही तोच मेसेज जातो. "गेला बघ." मी अंगठा पाठवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.